धरून की सोडून

सेक्रेटरी पेडामकरांनी बेल नाही, कडी वाजवली.
हातात मेंटेनन्सची बिलं, सतरा.
सतराही बिलांवर पन्नास रुपये दंड,
आणि सतराही जणांनी पैसे भरलेले दहा तारखेला.
“नोटिशीत काय लिहिलंय? दहा तारखेपर्यंत.
तुमचा कॉम्प्युटर नववीतच नापास झाला काय?”

प्रोग्राम माझा, फुकटचा, दोन रविवार घालवून केलेला.
तारखा मोजायचं काम मात्र एका उसन्या लायब्ररीकडे,
जी कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांची,
कन्नमवार नगरातल्या आमच्या जिन्याखालच्या नळासारखी.
गळायला लागला की वॉशर कोण बदलणार,
हे तिथेही ठरलेलं नाही.

रात्री वरच्या मजल्यावर मोहिले मावशी खोकत होत्या
(त्यांचंही बिल त्या सतरांत)
आणि मी माहितीची पानं उलटत होते.
चूक प्रोग्रामात नव्हती.
इंग्रजी वाक्य होतं, मनात मराठीत वाचलं:
या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचे दिवस.

पर्यंत म्हणजे धरून
की सोडून?
वडील गेले तेव्हा काकांनी गुरुजींना हेच विचारलं होतं,
दहाव्यापर्यंत म्हणजे दहावा धरून ना?
आई म्हणायची, मी पाचवीपर्यंत शिकले.
पाचवीची परीक्षा दिली की नाही
ते मी कधी विचारलं नाही.

मी नोंद केली.
काय लिहिलंय, मला काय वाटलं, काय घडलं.
सतरा बिलं लिहिली. पन्नास रुपये लिहायची लाज वाटली.
तोमाश नावाच्या कुणाचं उत्तर आलं:
हे सगळ्यांना ठाऊक असतं.
नोंद बंद.

हे सगळे एकदा पाहायचेत मला.
राहतात कुठे, बिलं कधी भरतात.

अकराव्या दिवशी इबादानहून फोलाकेने लिहिलं:
आमच्या दवाखान्याच्या यादीतून
शेवटच्या दिवशीची मुलं गळतात.
चौघांची लस राहिली.
मला ठाऊक नव्हतं.
बस, एवढंच.

नोंद उघडली.
तोमाश म्हणाला, मग वाक्य तुम्हीच द्या.

एका वाक्याला तीन आठवडे.
फोलाकेला ‘शेवटचा दिवस वगळून’ ठळक हवं,
तोमाशला उदाहरण नको, पान लांबतं,
आणि कुणी तिसराच स्वल्पविरामाशी अडून बसलेला.
डब्यातला भात गार होईतो मी ‘पण’ काढला, घातला,
परत काढला.
शेवटी राहिलं ते असं:
एक ते दहा दिलंत तर नऊच दिवस मिळतील.
दहावा हवा असेल तर अकरा लिहा.

माझं एवढं वाचलं जाणारं दुसरं वाक्य नसेल.
कुणी त्यावर थांबणार नाही.
थांबावं लागू नये म्हणूनच ते लिहिलं.

त्या रात्री तोमाशच्या दोन ओळी आल्या:
पहिल्यांदा मीही इथेच फसलो होतो.
विसरून गेलो होतो.

दंड परत केला. मावशींनी नोट उजेडात धरून पाहिली,
जणू मीच छापलीय.

खाली नोटीसबोर्डावर तोच कागद, तीच टाचणी:
शुल्क दहा तारखेपर्यंत भरावे.
पेन नव्हतं, वॉचमनकडून घेतलं.
मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं,
दहा धरून,
आणि शाई फिकी वाटली म्हणून
पुन्हा एकदा गिरवलं.