चारशे तेरा

साखळीच्या दवाखान्यातून निघालेला एक सीटी स्कॅन
बांबोळीला पोचत नाही.
सहाशे ऐंशी एमबी.
कुणाच्या तरी डोक्याचे पापडासारखे पातळ काप.
मी आमोण्यात, जेटीकडच्या खोलीत, पंखा दोनवर,
आणि सर्व्हर म्हणतो: चारशे तेरा.
म्हणजे, बाई, एवढं मोठं मी घेत नाही.

आधी मी सगळे करतात तेच केलं,
मर्यादा वाढवली. मग अजून वाढवली.
मग रेजिनाल्डला फोन. तो म्हणाला, माझ्या दाराची वाढवली गो,
पण माझ्या पुढे आणखी एक दार आहे,
त्याची चावी दिल्लीत.

त्याच्या आधीची चूक सांगणार नव्हते.
सगळी चित्रं अक्षरांत बदलून एकाच जेसॉनमध्ये कोंबली होती.
तीन बाइटांची चार अक्षरं होतात,
पावसात राहिलेल्या पोत्यासारखं वजन वाढतं,
आणि मी ते अख्खं पोतं मेमरीत उचलून धरलं.
प्रोग्रॅम मेला. ओरडलासुद्धा नाही.

खिडकीतून दोन बार्जी दिसतात,
खाण बंद झाल्यापासून तिथेच, गंजून अबोलीच्या रंगाच्या.
त्यांच्याकडे मी रोज बघते. त्या रात्री पहिल्यांदा
काहीतरी विचारायला म्हणून बघितलं.

बाबा सव्वीस वर्षं टॅली क्लार्क.
म्हटलं, जहाज इथवर का नाही यायचं?
"जहाज? आमोण्यात? पिशी जालां?
ते मुरगावला उभं. आम्ही इथून बार्जी भरून धाडायचो.
पावसात आग्वादचं तोंड बंद, मग कुंभारजुव्यातून.
वाट बदलायची, माल तोच."
आणि पोचला ते कसं कळायचं?
"नाळेवर आकडे रंगवलेले. पाणी कुठवर चढलंय ते वाचायचं,
इथे एकदा, तिथे एकदा.
जुळलं तर सही."

मी उठले. पाच एमबीचा एक तुकडा,
एकशे छत्तीस तुकडे, प्रत्येकाला क्रमांक,
प्रत्येकाच्या नाळेवर बेरजेची खूण.
डिस्कवरून एक वाचायचा, पाठवायचा, पावती घ्यायची,
हात रिकामा झाला की दुसरा.
लाइन तुटली तर पहिल्यापासून नाही,
जिथे सही थांबली तिथून.

आनंदात म्हणून गेले: बाबा, तुमची बार्ज म्हणजे माझा तुकडा!
ते कोकमाचं पाणी ढवळत होते. चमचा थांबला.
"बार्जीर सात जण आसताले."
एवढंच. मग बऱ्याच वेळानं,
"केळबाय बुडली तेव्हा मालाचा विमा होता."

अठ्ठ्याऐंशीवा तुकडा पडला.
मी काही केलं नाही. दोन सेकंद थांबायचं, मग चार, मग आठ,
असं आधीच लिहून ठेवलं होतं.
तिसऱ्या खेपेला तो गेला, तोच, जसाच्या तसा,
जणू बुडणं म्हणजे नुसतं उशिरा पोचणं.
मला ते पहिल्यांदाच विचित्र वाटलं.
ओळ पुसायची सोडून मी लॉगमध्ये तशीच ठेवली.

दोन चाळीसला एकशे छत्तीस.
इथली बेरीज, तिथली बेरीज. जुळली.
बांबोळीत कुणीतरी ते डोकं उघडून बघायला बसलं असेल.

बाबा जागेच. दारात येऊन म्हणाले, "सगळीं पावलीं?"
पावलीं.
"कोण गो तो?"
माहीत नाही. नाव, गाव आम्ही काढूनच पाठवतो. नियम आहे.
ते जरा वेळ स्क्रीनवरचे हिरवे आकडे वाचत राहिले,
ओठ हलवत, पाण्याची रेघ वाचावी तसे.
"आमच्या वहीत पण," म्हणाले,
"खलाशांचा रकाना नव्हता."

आणि पंखा तीनवर करून गेले.