चार फरश्या

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात
गोळीबार चौकातल्या परातेकडून
रात्रीपुरता भाड्यानं आणायचो खोका.
डिपॉझिट म्हणून बाबांचं घड्याळ.

कॅसेटवर छापलेलं, एकात ९९९९ गेम.
कुंदानं वहीत टिपत टिपत मोजले.
सात निघाले.
बाकी तेच, रंग बदलून, नावं उलटीपालटी.
‘फसवलं बे यानं,’ म्हणाली
आणि सकाळपर्यंत खेळली.

कूलरचा पंप सुरू असला की पडद्यावर मुंग्या.
मग पंप बंद,
वाळ्याच्या ताट्या सुकत चाललेल्या,
आणि ती टीव्हीपासून चार फरश्या मागे,
एक डोळा मिटून, प्लास्टिकचं पिस्तूल धरून.
एक बदक सुटायचं नाही.
आई आतून ओरडायची,
‘डोळे फुटतीन पोट्टेहो!’

एका जूनमध्ये परातेचं शटर उघडलंच नाही.
घड्याळ तिकडे राहिलं, खोका आमच्याकडे.

यंदा ती रायपूरहून आली,
स्वतः माळ्यावर चढली.
भिंतीवरच्या सपाट टीव्हीला जोडला. लागला!
नेम धरला.
बदक उडत राहिलं.
पुन्हा. पुन्हा.
चष्मा पुसला.

मला ठाऊक होतं:
पिस्तूल काही झाडत नसतं, नुसतं बघतं.
ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा,
बदकाच्या जागी पांढरा चौकोन,
तेवढाच त्याला दिसायला हवा.
तो उजेड जुन्या फुगीर काचेचा.
तिच्याबरोबर भंगारात गेला.

सांगणार होतो.
तेवढ्यात ती उठली,
पायानं फरश्या मोजत मागे सरकली,
एक, दोन, तीन,
आणि पाठ भिंतीला लागली.

फरश्या आता मोठ्या आहेत.