रात्री दोन दहा

सायबर कॅफे मिटवला तेव्हा सात मशिनं किलोच्या भावानं गेली.
आठवं राहिलं, कोपऱ्यातलं,
ज्याच्यापुढे अकरावीचे फॉर्म भरायला पोरं रांग लावायची.
धायरीत आणलं. पडदा काढला, कीबोर्ड काढला.
तापकीर गल्लीतून घासाघीस करून दोन जुनी नेटवर्क कार्डं,
आणि युनिक्सच्या कुळातली ती प्रणाली,
जिचे कुणी पैसे मागत नाही.
"म्हणजे फुकटची," तिसऱ्या मजल्यावरचा धनकुडे म्हणाला.
फुकट नाही हो, मोकळी.
तीन रात्री गेल्या माझ्या तिच्यापायी.

आता घरात दोन वाटा येतात.
एक निम्हण केबलवाल्याची:
गच्चीवरून गच्चीवर, शेवग्याला वळसा घालून,
पाण्याच्या टाकीला सुतळीनं बांधलेली.
दुसरी सरकारी, जमिनीखालून,
जिथे महापालिका दर उन्हाळ्यात
काहीतरी हरवलेलं शोधत असते.

सतरा ओळींत लिहून दिलंय पेटीला:
ऋजुताचे एक्स-रे सरकारीवरून,
पिक्चर-बिक्चर निम्हणकडून.
बँकेला दोन तोंडं चालत नाहीत, तिथे एकच.
आणि जो ज्या दारानं आला
त्याला त्याच दारानं उत्तर.

दर सेकंदाला पेटी दोन्हीकडे विचारते,
आहेस?
आहे.
आहेस?
आहे.

काल रात्री जेसीबीनं सरकारी तोडली.
आहेस?
आहेस?
आहेस?
चौथ्यांदा विचारत बसली नाही.

आतल्या खोलीत ऋजुता बघत होती
सोलापूरच्या कुणा बाईंचा मणका.
अर्ध्यावर अडला. तिला वाटलं, आपलंच बोट.
पुन्हा दाबलं. उतरला.
मी घोरत होतो म्हणे.

सकाळी नोंदवही उघडली. एकच ओळ:
०२:१०, वाट बदलली.
ना कुरकुर, ना शाबासकीची अपेक्षा.

माझा डावा कान गेला त्याला अकरा वर्षं झाली.
फिरायला निघालो की शालन उजवीकडे असते.
कधीपासून, विचारलं नाही.
कॅनॉलपाशी आम्ही परत फिरतो
तेव्हा ती माझ्या मागून येते, पुन्हा उजवीकडे,
भाजीच्या भावाचं वाक्य न तोडता.
ह्याची ओळ कुठल्याच वहीत नाही.

दुपारी निम्हणला फोन केला.
म्हटलं, टाकीवरची सुतळी कुजलीय, बदल.
सगळा भार सध्या तिच्यावरच आहे.