चौदा दगड

डिझेल वाढलंय आणि गावं जवळ आलीत,
हे कसं काय? म्हणत मालननं वही पुढ्यात टाकली.
तिच्या अक्षरात रोजचे किलोमीटर, समासात लिटर.
जतच्या अंगाला बावीस वस्त्यांची दुधाची फेरी,
डेअरी पैसे देते ते मीटरवरच्या आकड्याचे.
दिवाळीआधी एकशे चाळीस भरायचे,
आता एकशे तीसच्या पुढं जाईनात.
रस्ता तर तोच आहे, मी म्हणालो.
मग खोटं कोण बोलतंय, ती म्हणाली.

खोटं मीच लावून घेतलेलं.
चार. काळे, दांडगे, ओढ्यातल्या दगडांवर
पिकअपचं पोट घासू नये म्हणून.
गाडी चार बोटं उचलली गेली
तशी माझी मानही थोडी वर गेली होती.
काटा साठावर, मी साठात समाधानी.
डफळापूरच्या वळणावर शेरडं आधीच पांगायची,
समोरून एसटीवाला लाईट मारायचा,
मला वाटायचं ओळख देतोय.

रविवारी नागज फाट्यापासून दगड मोजले.
मालन शेजारी, मांडीवर वही.
सातवा सापडेना, कुणीतरी त्याच्यावर म्हैस बांधली होती.
चौदावा आला, अर्धा बाभळीत,
अर्धा मागच्या निवडणुकीच्या रंगात.
मीटरवर तेरा.

कवठ्यात दस्तगीर मिस्त्री चहा संपेपर्यंत काही बोलला नाही.
मग टायरवर खडूची एक रेघ मारली,
तिच्या खाली जमिनीवर दुसरी,
म्हणाला, ढकल.
मी आणि त्याच्या पोरानं गाडी ढकलली,
रेघ वर गेली, पलीकडून उतरली, मातीला टेकली.
टेप धरला : दोन मीटर सव्वीस.
भिंतीला टेकलेला माझा जुना टायर एकट्यानंच घरंगळवला :
दोन मीटर दहा.
“मीटर फेरं मोजतंय गड्या,
वाट न्हाय मोजत.”

मग तो पाठीवर गाडीखाली सरकला.
गिअरबॉक्समधून केबल ओढली
आणि टोकाचा पांढरा प्लास्टिकचा गिअर
माझ्या तळहातावर ठेवला, तेलानं निसरडा.
चौदा दात.
बिस्किटाच्या डब्यात बराच वेळ खुळखुळ केली,
भंगारातल्या कुठल्याशा टेंपोचा तेरा दातांचा निघाला.
“एक दात कमी केला की खरं बोलतंय,”
असं म्हणून हसला,
तर त्याच्याही पुढचा एक नव्हता.

परतताना चौदा दगडांना चौदा.
म्हैस सोडून नेली होती, सातवा नीट दिसला.
नेहमीच्या पायानं नेहमीएवढंच दाबलं
तर काटा पासष्टाकडं झुकला,
आणि पाय आपोआप उचलला गेला.
मालन खिडकीबाहेर बघत म्हणाली,
इतकं पळवत होतास होय रे, लेकराला पुढं बसवून?
मी गिअर बदलला.
त्याची गरज नव्हती.

डेअरीतल्या बिराजदार क्लार्कनं सगळं ऐकून घेतलं.
नव्वद दिवस, रोजचे दहा, नऊशे किलोमीटर.
खडूची रेघ सांगितली, दगड सांगितले, म्हैससुद्धा सांगितली.
मीटर म्हणंल तेच मला लिहावं लागतंय, तो म्हणाला,
आणि मीटर आता खरं म्हणतोय की.
या वाक्यावर मी अजून अडून आहे.

काट्याखालचा लांबलचक आकडा आहे तसाच राहिला,
त्याला मागं जाऊन शिकवता येत नाही.
उद्या कुणी गाडी घेईल
तो तिला नऊशे किलोमीटरनं तरणी समजेल.
त्या नऊशेत एक रात्र आहे, कॅनमधलं दूध नासत चाललेली,
एक बाळंतीण आहे, मागं कांबळ्यावर झोपवून नेलेली,
आणि एक पहाट, जिच्यात काहीच घडलं नाही.

जुना गिअर तेजलनं मागून घेतला.
पेन्सिलीच्या टोकावर बसवून फिरवते,
दात मोजते.
कुठून सुरू केलं ते विसरते
आणि दर वेळी पंधरा सांगते.