टपालखर्च

श्टायरच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर, खोली ३०७.
दर मंगळवारी दहाला आमची कंपनी उघडते
आणि एकच्या घंटेला बंद होते.
माल : बर्फावरच्या लाकडी घसरगाड्या.
एकही बनत नाही.
बँक व्हिएन्नातल्या एका वर्गात,
गिऱ्हाईक ग्राट्समधल्या दुसऱ्या वर्गात,
ते आम्हाला न ओतलेल्या मेणबत्त्या विकतात.
बाकी सगळं खरं : रोजकीर्द, खतावणी, कर,
उशिरा येणाऱ्याचा कापलेला, नसलेला पगार.

सप्टेंबरात मी पदं वाटते.
बडबड्या लोरेन्झला खरेदी, तिथे ऐकून घ्यावं लागतं.
वाल्बोनाला हिशेब.
ती म्हणाली, मला विक्री हवी होती.
मी म्हटलं, हवं तेच मिळालं तर ती कंपनी कसली.
हे वाक्य मला दर वर्षी लागतं.
कधी रात्री, घरी, मलाच लागतं.

पहिले तीन आठवडे भातुकली.
मग नोव्हेंबरात कुणीतरी खरंच रडतं
आणि मी समजते, चालली कंपनी.

जानेवारीत एक पाकीट आलं. निळी शाई, तिरकं अक्षर.
ओटोकार विम्बेर्गर, वरच्या वस्तीतले.
न्हाव्याकडे नंबर येईपर्यंत
आमचा कॅटलॉग चाळला होता त्यांनी.
तो तिथे कुणी ठेवला हे अजून कुणी कबूल केलेलं नाही,
जाहिरात विभागाचे कान तेवढे लाल होते.
‘एक नग. नातीसाठी.
रंग तुम्हीच ठरवा, तिला सगळेच आवडतात.’
आत घडी घातलेले नव्वद युरो.

वाल्बोनाने नोटा टेबलावर मांडल्या,
एक पन्नासाची, दोन विसाच्या,
आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.
‘कुठल्या खात्यात मांडू?’
सॉफ्टवेअरमध्ये तशी जागा नव्हती.
माझ्याकडेही नव्हती.
माझ्या डब्यात चिठ्ठ्या असतात :
संप, लाकडाची भाववाढ, गोदामाला आग.
विश्वास ठेवणारा माणूस
मी कधी चिठ्ठीवर लिहिला नव्हता.

पहिला मसुदा : माल संपला आहे.
‘संपायला आधी असावा लागतो,’ एमिना म्हणाली. फाडला.
दुसरा : आम्ही अस्तित्वात नाही.
लोरेन्झ उठलाच. ‘मग मंगळवारी बसमागे धावतो तो कोण?’
तिसऱ्यात लिहिलं, हा सराव आहे,
चित्रातली घसरगाडी गेल्या वर्षीच्या याकोबने काढली,
तो आता लिंट्सला नळ बसवतो,
पैसे परत पाठवतो आहोत.
सही करताना पुन्हा अडलं. पद की नाव?
खाली चौदा नावं आली.

पाकीट चिकटवल्यावर कळलं, याला तिकीट लागतं.
रजिस्टर करायचं, आत पैसे आहेत.
आमच्या खात्यात अकरा हजार चारशे युरो
आणि त्यात एक तिकीट येईना.
वाल्बोनाने दप्तराच्या कडेच्या कप्प्यातून नाणी काढली.
मी पर्स शोधेपर्यंत ती जिना उतरली होती.

उत्तर आलं नाही. बर्फ वितळलं.

जूनमध्ये ताळेबंद. चार युरो नव्वद सेंटचा फरक.
तपासायला पलीकडच्या वर्गाचे ग्रुबर सर,
त्यांनी लाल गोल केला.
वाल्बोनाने बोट ठेवलं :
चौदा जानेवारी, टपालखर्च, रोख.
‘ही नोंद काढ, लगेच जुळेल.’
‘पण गेलेत ते,’ ती म्हणाली.
सरांनी माझ्याकडे बघितलं.
मी फळा पुसत होते, आधीच पुसलेला.

ताळेबंद तसाच गेला.
आता सप्टेंबर. नवी मुलं, नवी पदं.
जुन्या शिलकीबरोबर तो फरकही पुढे आला आहे.
हिशेबाचा मुलगा विचारतो, हे काय?
मी म्हणते, शोध.
कागद कपाटात आहेत.