दाढीचा डिंक

तीस वर्षं मी त्याच्या हनुवटीला डिंक लावला.
प्यो दोक-सू. नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही,
चेहरा ओळखाल, तोही दाढी असेल तर.

गाल उपजतच गुळगुळीत, सोललेल्या दुधीसारखे.
आणि दरबारी मालिकेत बिनदाढीचा माणूस
म्हणजे एक तर खोजा, नाहीतर पोरगा.
म्हणून मी. एकेक केस चिमट्याने,
वरून फुंकर.

पहिल्यांदा आला तेव्हा तो ‘सैनिक सात’ होता.
भाला धरायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी मरायचं.
मुनग्योंगच्या खिंडीत, बर्फात,
जिथला किल्ला पुढून दगडी आणि मागून प्लायवूड.
मेला की उठायचा, बुटातली गार झालेली गरमपिशवी बदलायचा,
विचारायचा, “ओक-बुन नूना, बरा मेलो ना?”
मी म्हणायचे, डावी पापणी हलली.

वहीत लिहून ठेवायचा.
बाण अकरा. तलवार चौदा. विष सहा.
पटकी दोनदा. एकदा नुसताच पलंगावरून पडून,
तो सिनेमा विनोदी होता, पण कुणी हसलं नाही.
छुंगमुरोच्या खानावळीत उधारी साचली
आणि बायको मुलीला घेऊन इन्छनला गेली, त्या वर्षी
पान कोरं आहे. त्या वर्षी त्याला कुणी मारलंसुद्धा नाही.

मग चोपन्नाव्या वर्षी तो प्रधान झाला.
शनिवार-रविवार, रात्री नऊ, चौसष्ट भाग.
कपटी, पण लोकांना आवडेल इतपतच.
भाताच्या कुकरची जाहिरात मिळाली. अर्थात दाढीसकट.
दाढी उतरवून बाहेर पडला की
मासेवाली त्याला रांगेत मागे ढकलायची,
आणि तिच्याच दुकानात, वरच्या टीव्हीवर,
तो राजाला सल्ला देत असायचा.

एका रात्री पॅकअप झालं, मी कापूस भिजवला,
त्याने माझा हात धरला.
“आज राहू दे.”
मोक्पोला त्याची आई. जन्मभर बंदरावर ऑक्टोपस साफ केलेले,
आता बोटांना सगळं आठवायचं, डोक्याला काही नाही.
मुलगा गेला की विचारायची, मीटर बघायला आलात?
पण टीव्हीवर प्रधान दिसला की
पदर नसलेली ती बाई खांदे सावरून बसायची.

कपडेपटाची गाडी त्याला सोडायला गेली.
रेशमी झगा, घोड्याच्या केसांची टोपी मांडीवर.
टोलनाक्यावरच्या पोराने सलाम ठोकला म्हणे.

पुढचं त्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं,
कधी डिंक सुकताना, कधी दोन महिन्यांनी.
आईने जमिनीला कपाळ टेकलं.
गादी झटकून दिली. म्हणाली, हुजूर,
तक्रार करायची आहे, पण आधी जेवा.
तिने भात वाढला. तो दाढी सांभाळत जेवला.
मग ती म्हणाली,
माझा पोरगा सोलला गेला नाटकं करायला.
बाप म्हणाला होता, परत आलास तर तंगडं मोडीन.
बाप मेला, हे त्याला कुणी कळवलंय का बघा.
गुळगुळीत गालांचा आहे, लगेच सापडेल.

प्रधानाने शब्द दिला.
संवाद लिहिलेला नव्हता, तरी दिला.

सकाळी सहाला तो माझ्या खुर्चीत बसला.
रात्रभराचा डिंक दगड झालेला,
ओढला तसं कातडं निघालं.
तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, “हळू.”
दाढीत एक शीत अडकलं होतं.
केस मोजणं हे माझं कामच, त्यामुळे दिसलं.
मी ते टिपलं नाही लगेच.

त्यानंतर तो आणखी दोनदा मेला, एक बाण, एक विष.
बाणाच्या वेळी दिग्दर्शक ओरडला, “प्यो सर,
मेलेला माणूस कुणाची हाक ऐकत नसतो!”
सात रीटेक झाले.
वहीत मात्र त्याने एकच मरण मांडलं.

दाढी माझ्याकडे आहे, बुटांच्या खोक्यात,
डांबरगोळी घालून.
मुलगी मागायला आली होती. देईन म्हटलं.
अजून दिलेली नाही.