अनामिक पाणघोडा

तक्ता ऐझिरेकने उघडला, नारिनमधून.
रकाने चार : नाव, अंगाचा रंग, आयाळ,
आणि शेवटी "कोणी सांगितलं".
बाईंना घोड्यांचे चाळीस रंग हवे होते
सत्र संपायच्या आत, चौघांच्या नावांनिशी.

मी ओशमध्ये, काकाच्या भट्टीवर, रात्रपाळीला.
तंदूरच्या भिंतीला नान थापायचा, हात झटकायचा,
फोनला पीठ लागू नये म्हणून
करंगळीने लिहायचं.
सात रंग त्यात माझ्या करंगळीचे आहेत.

तोलोगोन मॉस्कोत कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो,
कॉलेजच्या पटावर नाव अजून आहे.
त्याची निळी रेघ जेवणाच्या सुट्टीत येते, वीस मिनिटं,
आमच्या चुका तांदळातल्या खड्यांसारख्या वेचते
आणि जाते.
ना नमस्कार, ना चमत्कार.

सिरगाक वर कुरणात,
जूनपासून, बापाच्या मेंढ्यांमागे.
तिथे रेंज एकाच खडकावर,
तीही संध्याकाळी, तीही उभं राहिलं तर.
धाकट्या भावाचा फोन, त्यात खातं नाही,
म्हणून तक्त्यावर त्याचं नाव उमटतं :
अनामिक पाणघोडा.

पहिल्यांदा आम्ही खूप हसलो.
एवढे घोडे गोळा करतोय,
त्यात हा एक पाण्यातला.

भांडणंही झाली, समासात.
ऐझिरेक म्हणाली, पिवळसर अंग, काळी आयाळ, हा एकच रंग.
तो म्हणाला, दोन. पाठीवर काळी रेघ असली की दुसरा.
ती म्हणाली, पुस्तकात एकच आहे.
तो म्हणाला, पुस्तकावर कधी खोगीर चढवलंयस?
मग तीन दिवस पाणघोडा आलाच नाही.
दूरच्या माणसाचा राग
आणि दूरच्या माणसाची संपलेली बॅटरी
इथून अगदी सारखीच दिसते.
चौथ्या दिवशी ऐझिरेकने एकाच्या दोन ओळी केल्या.
कोणाला सांगितलं नाही. पण मी पाहिलं.

आणि एका पहाटे मीच
बावीस ओळी पुसून टाकल्या.
पिठाचा अंगठा, दुसरं काही नाही.
अबलख गेला, पंचकल्याणी गेला,
ओल्या राखेच्या रंगाची ती घोडी,
जिचा रंग सांगणारी म्हातारी मेमध्येच वारली,
तीसुद्धा.
पडद्यावर नुसतं माळरान.
तेवीस नान जळाले, काका ओरडला, मला ऐकूच आलं नाही.
तोलोगोनने सुट्टी नसताना, कुठूनतरी लपून,
कालची आवृत्ती शोधली, सगळ्यांना हाकत परत आणलं,
आणि खाली लिहिलं :
"बेगीमाय, फाटक उघडं टाकू नकोस."
त्याचं आख्खं वाक्य ते पहिलंच.

चाळीस भरले.
ऐझिरेकने खाली जाड रेघ ओढली.

पाठवायच्या आदल्या संध्याकाळी
रेघेच्या खाली पाणघोडा उभा.
लुकलुकतोय. लिहितोय, खोडतोय, लिहितोय.
आम्ही तिघंही तिथेच होतो, आपापल्या रंगांत,
कोणी हलेना.
माझी कणीक परातीबाहेर आली.

अंगाचा रंग : धुरकट पांढरा, कानांच्या आत तांबूस केस.
आयाळ : डावीकडे पडते, विंचरली तरी.
कोणी सांगितलं : कोणी नाही. आज विकला. माझ्या फीसाठी.

मग पाणघोडा दिसेनासा झाला.
खडकावरून उतरला असेल.

बाईंना चाळीसच हवे होते.
ऐझिरेकने काही न विचारता
रेघ एक ओळ खाली सरकवली.

नावाचा रकाना त्याने कोरा सोडला होता.
दुसऱ्या दिवशी सुट्टीत तोलोगोन,
ज्याला कोरं काही बघवत नाही,
त्या चौकटीत गेला,
वीसच्या वीस मिनिटं तिथे लुकलुकत राहिला,
आणि काही न लिहिता
कामावर गेला.